कणकेचे गोळे आणि सहा बांगडे

आमच्या सुनेला दिवस गेले आणि वजन माझं वाढलं.

हे मी हवेत बोलत नाही. सातवा महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तन्वीला काट्यावर उभं केलं आणि तोंड वाकडं केलं. काटा दोन महिन्यांपासून जागचा हललेला नव्हता. "घरात हिला काही खायला देता की नाही?" बाईंनी माझ्याकडं बघून विचारलं. तन्वी चपला घालत होती तेवढ्यात मी सहज त्या काट्यावर चढून पाहिलं. चार किलो जास्त! मी गुपचूप खाली उतरलो.

घरात खायला देत नव्हतो असं कोण म्हणेल? माझी बायको मंगल हिच्या वैद्यकशास्त्रात औषध एकच आहे, गूळ आणि तूप. सकाळी डिंकाचा लाडू, दहाला गव्हल्यांची खीर, दुपारी गुळाची पोळी, चारला मुगाचा शिरा, आणि मधे कुणी पाहुणी आली तर तिच्या नावानं आणखी एक वाटी. तन्वीला गोडाचा वास जरी आला तरी मळमळायचं. पण "नको" म्हणायचं तिच्या अंगातच नाही. "हो आई, खाते ना," असं म्हणायची आणि वाटी घेऊन खोलीत जायची. मंगल स्वयंपाकघरात वळली की मी खोलीच्या दाराशी हजर. (मला गोड बंद आहे. बंद म्हणजे मंगलसमोर बंद.) पाच मिनिटांत रिकामी वाटी बाहेर यायची, मंगलला समाधान, तन्वीची सुटका, आणि माझं काय झालं ते काट्यानं सांगितलंच.

तन्वी वेंगुर्ल्याची. माझ्या मुलाला, अनिकेतला, ती पुण्यात नोकरी करताना भेटली. लग्नानंतर दोघं आमच्याकडंच राहायला आली. त्याला दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांत तिनं एकदाही तक्रार म्हणून केली नव्हती. एकदा मी खिचडी केली. खाली करपली, वर कच्ची राहिली आणि मधे काय होतं ते मलाही सांगता येईना. "छान झालीय, बाबा!" संभाजीनगरात आमच्या बजाजनगरला उन्हाळ्यात चार दिवसांनी पाणी यायचं, "चालेल हो, बाबा." आता मी तीस वर्षं वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. तक्रार न करणारं गिऱ्हाईक किती धोक्याचं असतं हे मला कुणी शिकवायला नको. त्याच्या मनात काय आहे ते कळतच नाही, आणि कळतं तेव्हा ते गेलेलं असतं. महिन्याभरानं तन्वी बाळंतपणाला माहेरी जाणार होती. आमच्या घरून पोर उपाशी गेली, हा डाग मला नको होता.

एक दिवस तिच्या वाटीतली खीर मी उभ्या उभ्या संपवत होतो. ती गादीवर बसून माझ्याकडं बघत हसत होती.

"हसू नकोस. खरं सांग, तुला काय खावंसं वाटतं?"

"काही नाही, बाबा."

"तन्वी, तुझ्या वाटणीचे लाडू खाऊन माझ्या शर्टाची बटणं लागंनात. आता तरी सांग!"

तिनं आधी दाराकडं पाहिलं, मग अगदी हळू बोलली. "बांगडा. निखाऱ्यावर भाजलेला. पप्पा भाजायचे. मसाला नाही, काही नाही, नुसतं मीठ. ते गेल्यापासून कुणी भाजलाच नाही." आणि लगेच, "पण राहू द्या हं. आईंना नाही चालायचं. मी आपलं सहज म्हटलं."

तिचे वडील लग्नाच्या आधीच्या वर्षी गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या क्षणी मात्र मला वाटलं, ते कुठूनतरी माझ्याकडं बघतायत आणि पुढं काय करतो याची वाट बघतायत. मी खिरीची वाटी खाली ठेवली. (संपली होती.)

अडचण होती ती आमच्या घरच्या शिस्तीची. मंगलच्या गळ्यात तुळशीची माळ. उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा येत नाही. आमच्याकडं मटण होतं ते गच्चीवर, तीन विटांच्या चुलीवर, आणि करायचं पुरुषांनी. त्याचं पातेलं, पळी, ताटं सगळं वेगळं, गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत. वरचं भांडं खाली उतरत नाही आणि खालचं वर चढत नाही. मंगल त्या दिवशी जिन्याची पायरीसुद्धा चढत नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, या सीमेवर एकदाही घुसखोरी झालेली नाही.

मी मंगलला सांगितलं, "पोरीला मासा खावासा वाटतोय."

तिनं परात पुढं ओढली. मग म्हणाली, "मला का न्हाई सांगितलं तिनं?"

"तुला भेते."

"मी काय वाघ हाये व्हय?" असं म्हणून ती जोरजोरात कणीक मळायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "गच्चीवर करा. वास खाली आला नाय पायजे." माझ्या दृष्टीनं मंजुरी मिळाली होती.

रविवारी जेवणं उरकून मी उस्मानपुऱ्याकडं एका मासेवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं मुंबईहून बर्फात समुद्राचा माल येतो असं कळलं होतं. आता मी पैठणकडचा माणूस. आमच्याकडं ताजा मासा म्हणजे धरणातला, पिशवीत टाकला तरी उड्या मारणारा. इथं बर्फावर सगळे निपचित पडलेले!

"हे तर मेलेत," मी म्हणालो.

"चाचा, समंदर का माल है. बंबई से चल के थोडी आयेगा?"

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकेक बांगडा उचलून डोळे पाहिले, कल्ले उघडून लाल आहेत का ते पाहिलं, पोट दाबलं, मोबाईलचा टॉर्च लावून आतून पाहिलं. मागं पाच-सहा गिऱ्हाइकं तिष्ठत उभी राहिली. तेरा बांगडे नापास केले, सहा पास केले.

"चाचा, पकाना है की रिश्ता करना है?" मासेवाल्यानं विचारलं. मागचे सगळे हसले. मी मात्र ते सहा साफ करून घेतले, अख्खेच, वर बर्फ मागून घेतला आणि छाती पुढं काढून घरी आलो. इथवर सगळं उत्तम झालं होतं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

गच्चीवर बादलीत बर्फ घालून त्यात बांगडे ठेवले आणि मला पहिली शंका आली. हा प्राणी जन्मापासून मरेपर्यंत मिठाच्या पाण्यात! खारट किती असेल? डॉक्टरीणबाईंनी तन्वीला मीठ बेतानं खायला सांगितलं होतं. मी विचारात पडलो असताना शेजारच्या गच्चीवरून कुलकर्णींनी डोकं वर काढलं. कुलकर्णी तहसिलीतून निवृत्त झालेले, सात पिढ्यांचे शाकाहारी, पण जगातल्या कुठल्याही विषयावर मत द्यायला कायम मोकळे.

"कुलकर्णी, समुद्रातला मासा खारट असतो का हो?"

"म्हणजे काय! अहो जाधव, विचारायची गोष्ट आहे का ही? मी गणपतीपुळ्याला पाण्यात पाय बुडवले होते. सुकल्यावर पायाला मीठ! एका तासात. हा तर जन्मभर बुडालाय."

मी समुद्र एकदाच पाहिला होता, कंपनीच्या कामाला मुंबईला गेलो तेव्हा, बसच्या खिडकीतून. म्हणजे आमच्या दोघांत मिळून समुद्राचा अनुभव तासभराचा आणि माशाचा शून्य. तरीसुद्धा पंधरा मिनिटं आमची गंभीर चर्चा झाली.

"आमटी खारट झाली तर तुमच्याकडं काय करतात?" कुलकर्णींनी विचारलं.

"कणकेचा गोळा सोडतात. मीठ ओढून घेतो."

"मग अडलंय कुठं?"

मी खाली धावलो. "मंगल, थोडी कणीक दे."

"कशाला?"

"गाईला."

चौतीस वर्षांत मी पहिल्यांदाच गाईची आठवण काढली होती. मंगलचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. तिनं कणकेचा चांगला मोठा गोळा दिला, वर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "माझ्याकडून पण चारा." (गूळ मी जिन्यात खाल्ला.)

बादलीत थंडगार पाणी, सहा बांगडे आणि लिंबाएवढे नऊ गोळे. दर अर्ध्या तासानं मी पाणी बदलत होतो, पुन्हा बर्फ घालत होतो आणि गोळे दाबून पाहत होतो. दोन मांजरं कठड्यावर येऊन बसली. कुलकर्णी पलीकडून विचारायचे, "उतरलं का?" मी म्हणायचो, "उतरतंय!" दोन वाजता बसवलेला कारखाना पाचपर्यंत चालला.

पाच वाजता अनिकेत आला, हातात एक खोकं. त्यानं मोबाईलवरून 'बार्बेक्यू' मागवलं होतं. चार बारीक पाय आणि वर सळ्या.

"बाबा, मॅरिनेट केलंत का?"

"गप बस. पोरीला नुसता मिठाचा पायजे."

"मग मीठ लावलं?"

"त्याला उपजतच असतं," मी म्हणालो. अनिकेतचा जन्म संभाजीनगरचा, शिक्षण संभाजीनगरचं. त्यानं मान डोलावली. पोरगं बापावर गेलंय.

विस्तव पेटवण्यात मात्र आमचा कुणी हात धरायचं काम नाही. थंडीत शेतावर हुरडा भाजायची आगटी मी लहानपणापासून लावतोय. गावाकडच्या गोवऱ्या, त्यावर बाभळीचं लाकूड, आणि तासाभरात असे निखारे पडले की अनिकेतचं बार्बेक्यू लाजून तिरकं झालं. तन्वीला वर बोलावलं. ती जिना हळूहळू चढून आली, शाल गुंडाळून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली आणि पेटीतलं ताट मांडीवर घेतलं. तिचे डोळे असे चमकत होते की मी उगाच निखारे परत सारखे केले. कुलकर्णी कठड्यावर कोपर टेकून उभे होते, तज्ज्ञ सल्लागार म्हणून.

मी पहिला बांगडा सळ्यांवर ठेवला. तीन तास पाण्यात मुरलेला तो बांगडा मधोमध वाकला, दोन सळ्यांच्या फटीतून सरळ खाली गेला आणि निखाऱ्यांत गडप झाला.

"सळ्या लांब लांब आहेत," मी म्हणालो.

दुसरा आडवा ठेवला. त्यानं शेपटी सोडली, मग डोकं सोडलं आणि उरलेला खाली पडला. तिसरा मी उचलतानाच हातातून निसटला आणि थेट मांजरांच्या ताब्यात गेला. चौथा टिकला! आम्ही सगळे श्वास रोखून बघत राहिलो. मग बार्बेक्यूचा एक पाय मुडपला आणि चौथा, पाचवा, सळ्या, सगळंच विस्तवात कोसळलं. राखेचा लोट उठला, वाऱ्यानं वळला आणि जिन्यावरून खाली आमच्या देवघराच्या दिशेनं निघाला.

"सहावा हातात धरून भाजा!" कुलकर्णी ओरडले.

आणि मी धरला! दोन बोटं पोळली, आणि सहावाही बाकीच्यांच्या मागं गेला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तोंडाला पदर लावून मंगल गच्चीवर आली. चूल पेटलेली असताना, चौतीस वर्षांत पहिल्यांदा! तिनं धूर पाहिला, कोसळलेलं बार्बेक्यू पाहिलं, माझी बोटं पाहिली, आणि मग तिची नजर बादलीत गेली. नऊ गोळे शांतपणे तळाशी बसले होते.

"ही गाय हाये व्हय तुमची?"

मी बादली पायानं मागं सरकवली. 

मांडीवर रिकामं ताट घेऊन तन्वी बसली होती. आमच्याकडं बघून ती हसली आणि नेहमीसारखं म्हणाली, "राहू द्या ना, बाबा. वास किती छान आला! तेवढंच पुरे."

त्या "पुरे"पेक्षा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. बापाच्या आठवणीचा एक घास मागितला होता पोरीनं, आणि आम्ही तीन शहाण्या माणसांनी तो आगीत घातला होता. मला तोंड वर करवेना. मी म्हणालो, "चुकलं माझं, पोरी."

ती ताट बाजूला ठेवून खुर्चीच्या हातावर भार देत उठली. "अगं, वाकू नकोस!" मंगल ओरडली. तन्वीनं खुर्चीच विस्तवाजवळ ओढली, परत बसली आणि चिमट्यानं राख उकरायला लागली. आतून एक काळाकुट्ट बांगडा निघाला. मग दुसरा, तिसरा. चार सापडले, त्यातल्या एकाला शेपूट नव्हतं, आणि पाचव्याचा कोळसा झाला होता. तिनं एकाची जळकी कातडी बोटांच्या टोकांनी अलगद सोलली. आतून पांढरंशुभ्र, वाफाळतं मांस निघालं. तिनं एक तुकडा फुंकर घालून तोंडात टाकला.

आम्ही चौघंही तिच्या तोंडाकडं बघत उभे. मांजरंसुद्धा थांबली होती.

तिनं हळूहळू चावलं आणि गिळलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली. दोन वर्षांत मी पहिल्यांदा तिच्या कपाळावर आठी पाहिली!

"बाबा! ह्येच्यात मीठ खंय आसा?"

पुण्यामुंबईची भाषा कुठल्या कुठं गेली होती. वेंगुर्ल्याच्या अंगणातून आवाज यावा तसा तो आला. 'खंय' म्हणजे 'कुठं' हे मला ठाऊक नव्हतं, पण रागावली एवढं बरोबर कळलं.

"मीठ... ते आम्ही काढलं," मी म्हणालो.

"काढलं? कुठून काढलं?"

मी सगळं सांगितलं. जन्मभर समुद्रात राहिलेला मासा, गणपतीपुळ्याचे पाय, कणकेचे गोळे, दर अर्ध्या तासानं बदललेलं पाणी. ती ऐकत राहिली आणि मग अशी हसायला लागली की मंगलनं धावत जाऊन तिची पाठ धरली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कधी रडणं झालं ते आम्हाला कळलंच नाही. "बाबा, समुद्रातला मासा खारट नसतो हो! आणि इतका वेळ पाण्यात कुणी ठेवतं का? आणि जाळी कशाला आणली? पप्पा राखेतच घालायचे. आमच्याकडं कुठली जाळी? तुम्ही सगळं चुकवलंत!"

आयुष्यात इतकी गोड बोलणी मी खाल्ली नाहीत. कंपनीत साहेबानं झापलं की मला रात्र रात्र झोप लागायची नाही. इथं पोरगी मला चार माणसांत झापत होती आणि मला वाटत होतं, अजून बोल! रागावली ना, म्हणजे हे घर तिचं झालं.

मंगल तरातरा खाली गेली. मला वाटलं, संपलं, आता चार दिवस अबोला. ती परत आली तेव्हा हातात मिठाची वाटी होती. तिच्या स्वयंपाकघरातली, देवाच्या नैवेद्याच्या ताटात मांडतात ती, स्टीलची छोटी वाटी. तिनं ती तन्वीच्या ताटात ठेवली. एका हातानं नाक धरलं होतं, दुसऱ्या हातानं सुनेच्या केसांतली राख झटकत होती.

"आता ही वाटी वरच राहील," ती म्हणाली. "खा. पोटभर खा. आणि मला सरळ सांगायचं हं काय पायजे ते. मी काय खाते व्हय तुला?"

तन्वीनं चारही बांगडे संपवले. शेपटीवाले, बिनशेपटीवाले, सगळे. काटेसुद्धा असे चोखले की मांजरांनी निषेध म्हणून गच्ची सोडली. अनिकेतनं एक तुकडा मागितला तर त्याला डोकं मिळालं.

"बघा जाधव," कुलकर्णी पलीकडून म्हणाले, "मीठ वरून घ्यावं लागलं. म्हणजे आपलं सगळं उतरलं होतं!"

त्यानंतर माहेरी जाईपर्यंत दर रविवारी बांगडा आला. तन्वी खुर्चीवर बसून हुकूम सोडायची, मंगल जिन्याच्या वरच्या पायरीवर नाक धरून उभी राहायची आणि तिथून, "करपंल, उलटा की!" असं सांगायची. स्वयंपाकातून मला बडतर्फ केलं होतं. माझ्याकडं एकच काम ठेवलं होतं, सूप घेऊन निखाऱ्यांना वारा घालायचा. दोन रविवार मी ते मन लावून केलं. वारा किती घालावा, कुठल्या बाजूनं घालावा, हुरड्याला आम्ही कसा घालायचो, हे सगळं समजावून सांगत सांगत केलं.

तिसऱ्या रविवारी वर गेलो तर माझ्या जागी टेबलफॅन.

"अगं, मी आहे की! फॅन कशाला?"

"तुमच्याइतकाच वारा घालतो, बाबा," तन्वी बांगड्याला मीठ चोळत म्हणाली, "आणि बोलत नाही."